काळा टाका

धानाची मळणी उरकून बेलटोल्याच्या बायांना जरा पाठ टेकायला मिळाली, त्याच दिवसांत मडमबाई गावात आली. ब्रह्मपुरीच्या मिशन बंगल्यातून रेंगीत बसून आली. रेंगी हलकी, दोन बैलांची, आत मऊ तणस अंथरलेली. तरी उतरताना बिचारीला कंबर सरळ करता येईना. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि ब्रह्मपुरीच्या पुढे रस्ता म्हणजे बैलांनी ठरवलेली वाट.

ती नॉर्वे नावाच्या देशाची. एका हिवाळ्यापुरती आली होती, बायांना शिवणकाम शिकवायला. इंगेबोर्ग हे नाव काही कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून बायांनी पहिल्याच दिवशी तिची इंगाबाई करून टाकली. सोबत दुभाषी म्हणून कमळा. मिशनच्या शाळेत शिकलेली, आरमोरीकडची पोरगी. बायांशी ती गावच्या बोलीत बोलायची आणि मडमेकडे तोंड वळवलं की एकदम इंग्रजीत शिरायची. मडमेला स्वतःला मराठीचे मोजकेच शब्द येत, त्यातला एक तिचा फार लाडका. तो शब्द म्हणजे ‘पुन्हा’.

देवाजी पाटलांनी आपली सपरी, घरापुढची मोकळी पडवी, शिवणाच्या वर्गाला दिली. दुपारची जेवणं झाली की बाया तिथे जमायच्या. मडमबाई प्रत्येकीचं कापड हातात घ्यायची, आधी उलटी बाजू बघायची, आणि टाका जरा तिरपा दिसला की छोट्या कात्रीनं कुटकुट उसवून टाकायची. मग हसून म्हणायची, “पुन्हा.”

“माह्या सासूनंबी कधी एवढं पुन्हा-पुन्हा नाई करवलं,” शहजादी म्हणायची. शहजादी नूर मोहम्मद शिंप्याची बायको. बाजारच्या दिवशी नवरा मशीन बैलगाडीत घालून गावोगाव फिरायचा आणि ही घरी बसून काज-बटणं करायची. तिला खरं तर शिकायचं काहीच नव्हतं. ती गमतीसाठी यायची, मांडीवर तान्ही जरीना घेऊन.

“अवं शहजादी, तुले तर सारं येते. कायले येतेस?” म्हाताऱ्या गुणाबाईनं एकदा विचारलं.

“तिथी घरी कपडे बोलत नाईत ना बाई. इथी तुम्ही बोलता.”

सगळ्या हसल्या. मडमबाईनं कमळाकडे पाहिलं. कमळानं ते इंग्रजीत सांगितलं, तशी मडमबाई सगळ्यांच्या मागून एकटीच हसली. तिचं हसू असं नेहमी मागून यायचं.

या बायांत भागीरथा कोपऱ्यात खांबाला टेकून बसायची. रामाजीची बायको, सुगंधाबाईची सून. हात असा हलका की धावदोरा घालताना सुई कापडात पोहते आहे असं वाटावं. तिला चौथा महिना होता. गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी अवाक्षर काढत नव्हतं, कारण याआधी तिची दोन लेकरं झाली आणि दोन्ही सवा महिना पुरा व्हायच्या आत गेली.

सुगंधाबाईनं तिला वर्गाला जाऊ दिलं ते एका अटीवर. “उशीची खोळ शीव, नवऱ्याची बंडी शीव. लहान्या कपड्याले हात लावू नको. समजलं?”

समजायला काय होतं! पोटातल्या जिवासाठी आधीपासून काही करायचं नाही, हे त्या मुलखात पोरीसोरींनाही ठाऊक. पाळणा आणायचा नाही, टोपरं शिवायचं नाही, नाव मनात आणायचं नाही. लेकरू आलं की शेजारणीकडून नाहीतर घरातल्या म्हातारीकडून जुन्या लुगड्याचा धडपा मागून आणायचा आणि त्यात गुंडाळायचं. जे कोरं, जे वाट पाहून केलेलं, त्याच्यावर नजर आधी पडते. आणि दोन गेलेल्या घरात तर हे सगळं दुपटीनं पाळायचं.

भागीरथानं दोन्ही वेळा पाळलं होतं. पण खोळीची शिवण घालता घालता तिच्या मनात एक गोष्ट येऊन बसायची, आणि उठायचीच नाही. घरी पाहुणा यायचा असला तर आपण अंगण सारवतो, भात चार मुठी जास्त टाकतो. मग याच पाहुण्यासाठी कोणी काहीच का करत नाही? ती दोघं आली तशी गेली. त्यांच्यासाठी म्हणून कोणी एक टाका घातला नव्हता.

माघ सरता सरता मडमबाईनं सगळ्यांना पांढरं मऊ कापड वाटलं आणि झबल्याचा कागदी नमुना दाखवला. ज्यांच्या घरी लेकरं होती त्यांनी कापड घेतलं. भागीरथापुढे आल्यावर मडमबाई थांबली, तिच्या पदराकडे पाहिलं. कापड ठेवलं आणि पुढे गेली.

भागीरथानं ते परत केलं नाही.

ती रोज थोडं शिवायची आणि संध्याकाळी मडमेच्या पत्र्याच्या पेटीत ठेवून जायची. घरी नेण्याची सोयच नव्हती. इतर बायांनी पाहिलं, आणि आपापल्या सुईत नजर घातली. शहजादी तेवढी हळूच म्हणाली, “गळा जरा मोठा ठेव. डोकं मोठं असते आपल्याकडच्यांचं.”

झबलं शिवून झालं. शेवटी भागीरथानं काळा दोरा ओवला आणि खालच्या पट्टीवर, आतल्या बाजूनं, एकच टाका घातला. लेकराच्या गालावर काजळाची तीट लावतात ना, तसाच. तिची आई घालायची, आजी घालायची. वर्गातल्या प्रत्येकीनं आपल्या झबल्यात तो घातला होता. आणि मडमबाई प्रत्येकीचा तो टाका उसवून तिथं पांढरा घालत होती. बायांचा पांढरा दोरा संपला असेल, असं तिला वाटायचं. बाया काही न बोलता घरी जाऊन पुन्हा काळा घालायच्या. कमळाला सगळं ठाऊक होतं, पण सांगायला तिची जीभ रेटेना. मडम हसेल, म्हणेल ही अजून कोणत्या जुन्या समजुती, अशी तिला भीती. आणि आपणही लहानपणी तसलंच झबलं घातलं होतं, याची लाज.

होळीनंतरची गोष्ट. सुगंधाबाई अंगणात लाखोरीची डाळ पाखडत बसली होती. भागीरथा चुलीशी होती. फाटकाशी कमळाचा आवाज आला आणि पाठोपाठ मडमबाई आत आली. तिच्या दोन्ही तळहातांवर, देवाला नैवेद्य न्यावा तसं, झबलं होतं. इस्त्री केलेलं, पांढरं फेक, गळ्याला रेशमी दोऱ्याची बारीक वेल. रात्री जागून तिनंच काढली असणार. त्याच दिवशी ती आठवडाभरासाठी दुसऱ्या गावी निघाली होती आणि भागीरथा आपलं झबलं विसरली, असा तिचा समज झाला होता.

“सुंदर,” ती म्हणाली आणि झबलं सुगंधाबाईपुढे धरलं.

सुगंधाबाईचं सूप हातातच राहिलं. “कोणाचं वो हे?”

मडमबाईनं हसून भागीरथाकडे बोट केलं. मग तिच्या पोटाकडे.

 भागीरथानं पुढे होऊन झबलं घेतलं, आणि सगळ्यांच्या आधी खालची पट्टी उलटून पाहिली. काळा टाका नव्हता. तिथं पांढरा होता, इतका बारीक की दिसूही नये.

सुगंधाबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं झबलं सुनेच्या हातातून काढून घेतलं आणि वळचणीखाली टांगलेल्या टोपलीत टाकलं, घराच्या बाहेर. “पांढरं आन कोरं,” ती म्हणाली. “असं कापड कवा आणतेत, ते मायीत नाई काय इले?” मग सुनेला म्हणाली, “उद्यापासून तिकडं जायाचं नाई.”

मडमबाई कमळाकडे बघत राहिली. कमळा खाली बघत राहिली.

रेंगी गावाबाहेर पडली. तेव्हा कमळाला रडू आलं आणि सगळं बाहेर आलं: आधी न शिवण्याची रीत, ती दोन लेकरं, काळा टाका. मडमबाईनं रेंगी थांबवायला सांगितली. गाडीवान चिडला, दिवस बुडायला आला होता. तरी रेंगी वळली आणि त्या रात्री दोघी पाटलाच्याच सपरीत झोपल्या.

सकाळी मडमबाई पुन्हा सुगंधाबाईच्या दारात. या वेळी हात रिकामे. सोबत कमळा, आणि कोणी न बोलावता आलेली शहजादी, कडेवर जरीना. मडमबाई सारवलेल्या जमिनीवर बसली. सुगंधाबाईनं पाहिलं न पाहिलंसं केलं. पण दारात आलेल्याला पाणी न देणं तिच्या रक्तात नव्हतं. तिनं खूण केली आणि भागीरथानं तांब्या आणून ठेवला.

मडमबाई थांबून थांबून बोलू लागली आणि कमळा सांगू लागली. या वेळी तिनं काही गाळलं नाही.

“बाई म्हणते, चूक झाली. टाका मी उसवला. मले मायीत नव्हतं. बाई म्हणते, माह्या आजीच्या गावात लेकराच्या दुपट्याले चांदीची टाचणी टोचत. डोंगरात लोक राहतेत म्हणे, दिसत नाईत, ते लेकरू पळवतेत. चांदी असली का येत नाईत.”

सुगंधाबाईनं पहिल्यांदा मान वर केली. “तुमच्याइकडंबी?”

“आमच्याइकडंबी, म्हणते.”

“आन तुले टोचली होती काय?”

कमळानं विचारलं. मडमबाईनं मान हलवली. होय.

“मंग!” सुगंधाबाई म्हणाली. एवढंच. जणू मडम एवढी थोराड वाढली, समुद्र ओलांडून आली, याचं कारण तिला आता कळलं. पण लगेच तिचा चेहरा मिटला. “तुही टाचणी तुह्यापाशी. माह्या घरी जे हाय ते हाय. कोरं झबलं या घरात येनार नाई. जुन्या धडप्यातच येईन लेकरू.”

तेव्हा भागीरथा बोलली. लग्न होऊन आल्यापासून सासूपुढे तिनं ‘हो’ आणि ‘बरं’ यापलीकडे फार काही म्हटलं नव्हतं.

“आत्याबाई, जुन्या धडप्यानं तरी कुठी राह्यले ते?”

 कोंबडीची पिल्लं सुपाखाली टिपत होती.  दोन्ही लेकरं सुगंधाबाईच्याच लुगड्याच्या धडप्यात गुंडाळली होती आणि त्याच धडप्यात नदीकडे गेली होती. ते लुगडं तिनं मग कधी नेसलं नव्हतं. फेकलंही नव्हतं.

“मले एक टाका घालू द्या त्याच्यासाठी,” भागीरथा हळूच म्हणाली. “राह्यलं तर राह्यलं. नाई राह्यलं तर मी काई केलं नाई त्याच्यासाठी, असं तं नाई होनार.”

सुगंधाबाई तोंडावर पदर घेऊन बसली.  मडमबाईला शब्द कळले नव्हते, तरी तिचे डोळे भरले होते. शहजादीला मात्र असलं रडणं सोसायचं नाही. तिनं वळचणीकडे पाहिलं.

“सुगंधाबाई, तुम्हाले कोरं नको ना? जुनं पाह्यजे?”

“हो.”

“मंग त्याच्यात का रडता? आमच्या जरीनाले द्या. चार दिवसांत असं जुनं करून देते का नूर मोहम्मदलेबी वळखू येणार नाई.” आणि तिनं जरीनाला टोपलीसमोर उंच धरलं. जरीनानं हात घालून झबलं बाहेर ओढलं आणि बाही सरळ तोंडात घातली.

सुगंधाबाई पदराआडून बघत होती. तिला हसू आवरेना. “अवं, खाऊन टाकते की ते!”

“खाऊ द्या. खाल्लेलं तं आनखी जुनं.”

हसता हसताच तिनं विचार केला असावा, कारण पदर खाली घेतला तेव्हा तिनं सगळं ठरवलेलं होतं. झबलं एका घरी नाही, ज्या ज्या घरी जितंजागतं लेकरू आहे त्या त्या घरी जाईल. ती लेकरं घालतील, मळवतील. मग ते मागून आणायचं, धडपा मागून आणतात तसंच. “आन काळा टाका,” ती मडमेकडे बोट करून म्हणाली, “जिनं उसवला तिनंच घालाचा. सांग तिले.”

कमळानं सांगितलं. मडमबाईचं हसू मावळलं. मिशनच्या बाईनं नजरेसाठी टाका घालायचा, हे आपल्या देवाला चालेल का, अशा विचारात ती मांडीवरच्या हातांकडे बघत बसली. मग उठून नमस्कार करून गेली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

भागीरथा पुन्हा वर्गाला जाऊ लागली. चैत्र अर्धा सरेपर्यंत ते झबलं अख्ख्या बेलटोल्यात फिरलं. जरीनानं त्याची बाही चघळली. गुणाबाईच्या नातवानं त्यावर पेज सांडली. बुधूच्या घरची पोरगी ते घालून शेणात बसली. गळ्याची रेशमी वेल एका बाजूनं सुटली. हळदीचे, काजळाचे डाग पडले. दर वेळी त्या घरची आई ते धुऊन पुढच्या घरी पोचवायची आणि जाताना म्हणायची, “घ्या, मडमेचं पोरगं आलं.” मडमबाईला वाटेत कुठल्यातरी कडेवर ते झबलं दिसायचं. पहिल्यांदा तिनं कपाळाला हात लावला. पुढे पुढे ती डाग बघून कोणत्या घरून आलं ते ओळखू लागली.

चैत्रात मोह गळू लागला. बाया पहाटेच टोपल्या घेऊन झाडांखाली जायच्या आणि दुपारी वर्गात पेंगायच्या. सपरीला मोहफुलांचा गोड वास यायचा. ऊन तापलं. मडमबाईचे जायचे दिवस आले.

निघायच्या दिवशी रेंगी सपरीपुढे उभी होती. सुगंधाबाई आली. अंगावर धुवट लुगडं, हातात झबलं. ते आता पांढरं राहिलंच नव्हतं, धानाच्या कोंड्याच्या रंगाचं झालं होतं. तिनं ते मडमेच्या मांडीवर ठेवलं. बाजूला सुई. सुईत काळा दोरा ओवलेला.

बाया गोळा झाल्या.  भागीरथा खांबाला धरून उभी होती; तिचे दिवस भरत आले होते. मडमबाईनं झबलं उलटं केलं, पट्टी चाचपली, आपलाच तो पांढरा टाका शोधला. डोळे मिटून ओठ हलवले. कोणाला काय म्हणाली ते तिचं तिलाच ठाऊक. मग पांढऱ्याच्या शेजारी सुई घातली, काळा दोरा ओढला आणि गाठ मारली. दोरा दातानं तोडला. बायांना ती रोज बजावायची, दातानं तोडू नका म्हणून.

“पुन्हा नाई काय?” शहजादी म्हणाली, आणि त्या हसण्यात रेंगी निघाली.

वैशाख उतरता उतरता भागीरथाला मुलगा झाला. सुगंधाबाईनं त्याला आधी पळसाच्या पत्रावळीवर ठेवलं, टाकून दिल्यासारखं, म्हणजे नजर तिकडे फिरकू नये, आणि नाव सांगितलं पत्रू. मग गुणाबाईच्या घरी जाऊन पदर पसरून झबलं मागून आणलं. गळा मोठा होता ते बरं झालं. डोकं खरंच मोठं होतं.

सवा महिना. रोज सकाळी उठल्यावर सासू आधी त्याच्या नाकापाशी हात धरायची, मग चूल पेटवायची. भागीरथा जागीच असायची, पण डोळे मिटून पडून राहायची.  पहिला गेला तो दिवस आला आणि गेला. दुसरी गेली तो दिवस आला. त्या दिवशी सुगंधाबाई धानाच्या बांधीकडे गेलीच नाही, दिवसभर खाटेच्या पायाशी लाखोरी निवडत बसली, निवडलेलीच पुन्हा निवडत. पत्रू दूध प्यायला, झोपला, ओरडला, पुन्हा प्यायला.

सवा महिना झाला तेव्हा भागीरथा न्हाऊन, लेकरू घेऊन विहिरीवर गेली. शेजारणींनी विहिरीला हळदकुंकू वाहिलं. सुगंधाबाईनं नातवाला आपल्याकडे घेतलं, झबल्याची पट्टी उलटली आणि उन्हाकडे धरून पाहिली. बराच वेळ पाहत राहिली.

“काय झालं, आत्याबाई?” भागीरथा जवळ सरकली.

“पाह्य वं,” सासू म्हणाली. “एवढा डाग, एवढा मळ, आन काळा टाका कसा घातला तिनं! मुंगीच्या पायाएवढा. सुतासारखा सरळ. नजर लागू नये म्हणून घालाचा, तोबी नजर लागावी असा!”

भागीरथा हसली. लेकरू झाल्यापासून ती मोकळेपणानं पहिल्यांदाच हसली आणि पत्रू त्या आवाजानं दचकून रडू लागला. सुगंधाबाईनं त्याला खांद्यावर टाकलं. बोटाला काजळ होतंच. तिनं त्या सरळ टाक्याच्या शेजारी, मुद्दाम वाकडं, एक बोट ओढलं.

“आता ठीक हाय,” ती म्हणाली. “चाल. पाणी भर.”